एक जूनच्या मुली

काळ कोणासाठीही थांबत नाही, असं पुरुषोत्तम उमाठे सर दर वर्षी शाळा उघडली की पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आणि खाली दोन रेघा मारीत. बत्तीस वर्षं त्यांनी हे लिहिलं. त्याच बत्तीस वर्षांत त्यांनी हा काळ एकतीस मुलींसाठी प्रत्येकी दोन वर्षं थांबवून ठेवला होता.

यात त्यांना कधी पाप वाटलं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत ते खेळशिक्षक होते. पाचवीच्या प्रवेशाला आईबाप पोरीला घेऊन येत, जन्म कधीचा विचारलं की 'गाय व्याली त्या सालचा, नवरात्राच्या आसपास' असं सांगत, आणि मुख्याध्यापक रजिस्टरात एक जून लिहीत. शाळेचं वर्ष जूनपासून सुरू होतं, त्यामुळे वय बसवायला ती तारीख सोयीची पडे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो, आणि त्या दिवशी कोणालाच विशेष काही वाटत नाही. उमाठे सरांनी या परंपरेत एकच सुधारणा केली. उंच मुलगी दिसली की तारीख तीच ठेवून ते साल दोनाने पुढे सरकवीत. गावच्या शाळेचा दाखला हरवलेला असे. नसला तर सर तो हरवीत. मग सोळा वर्षांखालच्या बास्केटबॉल स्पर्धेत सतरा वर्षांच्या पाच मुली उतरत, मेडल घेऊन येत, आणि मेडलवर पुढे क्रीडा कोट्यातून नोकरी लागे. एकतीसपैकी सव्वीस नोकरीला लागल्या. गावात याला समाजकार्य म्हणत.

निवृत्तीनंतर सर नागपूरला मुलाकडे राहायला आले आणि 'नागपूर वाघिणी' या संघाचे निवडकर्ते झाले. महिलांची व्यावसायिक लीग तेव्हा सहा वर्षांची झाली होती. आठ संघ होते. दर ऑगस्टमध्ये नव्या मुलींची वाटणी होई: मागच्या हंगामात जो तळाला, तो आधी निवडणार, असे पाच फेरे, एकूण चाळीस मुली. पेपरवाले याला ड्राफ्ट म्हणत. सर वाटप म्हणत, रेशनच्या साखरेसारखं.

मुलीला आज पाहून ती सात वर्षांनी कशी खेळेल ते सांगायचं, हे निवडकर्त्याचं काम. सर ते मुलीच्या आईचे खांदे पाहून करीत. दहातले चार अंदाज बरोबर येत. या धंद्यात एवढ्यावर माणूस द्रष्टा ठरतो. पण दोन वर्षांपूर्वी शिखर नावाचं यंत्र आलं, जुन्या खेळाडूंवर तपासलं तर त्याचे दहातले आठ बरोबर निघाले, आणि सरांना मुलींच्या आयांना चहा पाजण्याचं काम उरलं.

शिखर म्हणजे दिसायला नुसतं अर्धं मैदान होतं. वर चोवीस कॅमेरे, खाली पावलांचा दाब मोजणारी फरशी. मुलगी त्यावर चाळीस मिनिटं खेळे. तेवढ्यात यंत्र मोजून घेई की बॉल दिसल्यापासून पाऊल उचलेपर्यंत किती वेळ जातो, उडीवरून उतरताना कुठला गुडघा आधी भार घेतो, दम लागल्यावर चुका कुठून सुरू होतात. ही मोजमापं ते चाळीस हजार जुन्या खेळाडूंच्या अख्ख्या कारकिर्दींशी ताडून पाही. मग समोरच्या पडद्यावर एक करडी सावली खेळायला लागे. ती सावली म्हणजे हीच मुलगी, सात वर्षांनंतरची.

जुलैच्या शेवटी आर्वीची ओवी डहाके शिखरवर खेळून आली. सहा फूट एक इंच, लांब वेणी, बोलणं कमी. सर तिला लहानपणापासून ओळखत होते आणि मनातल्या मनात त्यांनी तिला पहिल्या तिनांत ठेवलं होतं. यंत्र चालवायला कंपनीने पुण्याहून निनाद परांजपे नावाचा तिशीचा मुलगा पाठवला होता. तो चहात साखर घेत नसे आणि वाक्यं पूर्ण करीत असे, म्हणून नागपूरकर त्याला जरा बिचकून होते.

ओवी टॉवेलने मान पुसत पडद्यासमोर उभी राहिली. सावली बास्केटखाली शिरत होती, उडी घेत होती आणि उतरताना डावा पाय जरा जपत होती.

"ही मी?" ओवीने विचारलं.

"संभाव्य तुम्ही," निनाद म्हणाला.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "वेणी कापली वाटते हिने."

यंत्र केस मोजत नाही, हे निनादने तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि बॅग उचलून बसस्टँडला गेली.

संध्याकाळी पत्रक आलं. सत्तर मुलींत ओवी अठ्ठावन्नावी. सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उडी सगळ्यांत वरची, नजर ते पाऊल हा वेळ सगळ्यांत कमी, आणि तरीही अठ्ठावन्नावी. तळाशी एक ओळ होती: गणित वय, वीस वर्षं दोन महिने.

"पोरगी अठराची आहे," सर म्हणाले.

"कागदावर," निनाद म्हणाला, आणि त्याने खुर्ची सरकवून सरांना सगळं नीट सांगितलं.

त्याचा मुद्दा सोपा होता. कोणी किती उंच उडतं याला स्वतःची अशी किंमत नसते. किती वर्षांची असताना उडतं, याला असते. अठराव्या वर्षी जी मुलगी अमुक एक करते, ती तेविसाव्या वर्षी कुठल्या कुठे जाईल. तेच विसाव्या वर्षी करणारी मुलगी बहुधा तिथेच राहील, कारण या खेळात ती दोन वर्षंच सगळ्यांत जास्त शिकवून जातात. म्हणजे सगळं गणित वयावर टेकलेलं. आणि वय कळायला मार्ग नाही. मुलींच्या मनगटातली वाढीची पट्टी सोळा-सतराव्या वर्षी बंद होते. त्यानंतर एक्स-रे काढा नाहीतर आणखी काही करा, हाड तोंड मिटून बसतं. उरतो कागद. आणि कागदावर किती विश्वास ठेवायचा हे शिखर आपलं आपण शिकलं होतं, पोरं शिव्या शिकतात तसं, कोणी न शिकवता.

"त्याला एक विचित्र गोष्ट सापडली, सर," निनाद म्हणाला. "एक जूनला जन्मलेल्या जुन्या खेळाडू इतरांपेक्षा दोन वर्षं आधी थकतात. दुसऱ्या कुठल्याही तारखेला असं होत नाही. म्हणून एक जून आला की ते वयात दोन वर्षं मिळवतं. ती मिळवली नसती तर ओवी दुसरी आली असती. कारण आम्हाला आजही माहीत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने सिंगापूरला शोधनिबंध वाचला, उन्हाळ्याच्या शेवटी जन्मणाऱ्या अर्भकांच्या स्नायूंवर उष्म्याचा होणारा परिणाम."

"छापला?"

"हो. पारितोषिक मिळालं त्याला."

उमाठे सरांनी पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चाळीस हजारांत आपल्या एकतीस जणी आहेत आणि आपल्यासारखे मास्तर जिल्ह्याजिल्ह्यात होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की ओवीचा एक जून खरा आहे. त्याचे ते स्वतः साक्षीदार होते.

लॉकडाऊनात मास्तरांना जिल्ह्याच्या सीमेवर नाक्यावर बसवलं होतं. उमाठे सर वर्धा नदीच्या पुलावर होते. एक जूनच्या दुपारी पलीकडून, अमरावती जिल्ह्यातून, एक छोटा हत्ती टेम्पो आला आणि त्यात गादीवर ओवीची आई ज्योत्स्ना होती. ज्योत्स्ना त्यांच्या एकतीसपैकी एक, तेव्हा तीस वर्षांची, कागदावर अठ्ठावीस. नवऱ्याजवळ पास नव्हता. सरांनी वहीत 'कारण: प्रसूती' असं लिहून गाडी सोडली. साडेतीनला दवाखान्यातून तिचा फोन आला, मुलगी झाली. सर म्हणाले, "एक जून? अवं, या पोरीवर पुढे विश्वास कोण ठेवील?" आणि दोघंही हसले होते.

हल्ली खोटं वय लावणारे एक जून लिहीत नाहीत. हल्ली ते जन्माची वेळही लिहितात, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. अशा मुली शिखरमधून बिनबोभाट पार होत होत्या. अडकली होती एकटी ओवी.

* * *

वाघिणींची मुख्य प्रशिक्षक प्रणिता खडतकर. पोलीस निरीक्षक, क्रीडा कोट्यातली, लीगसाठी प्रतिनियुक्तीवर आलेली. सरांची सतरावी मुलगी. तिला फार समजवावं लागलं नाही. 'एक जून' एवढं ऐकताच ती खुर्चीत मागे टेकली.

"अठ्ठावन्नावी म्हणजे चाळिसांत कोणीच घेत नाही तिला," ती म्हणाली.

"नाही घेत."

"मग काहून तोंड पाडून बसले, सर? नियम काय आहे? चाळीस संपल्या की उरलेल्यांतून कोणीही कोणालाही उचलावं. पाच वर्षांचा करार, कमीत कमी मानधन. आपण उचलू ना तिला. दुसऱ्या नंबरची पोरगी आपल्याला फुकटात, अन् ती बी घरच्या घरी."

सरांना हे पटलं. हीच अडचण होती. यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. ओवीला संघ मिळत होता, संघाला ओवी मिळत होती, आणि जुन्या गोष्टी जिथे होत्या तिथे राहत होत्या. सरांनी आयुष्यभर जे केलं ते याच जातीचं होतं: कागद एक बोलतो, आपण जरा वेगळं करतो, पोरीचं भलं होतं.

फक्त ओवीने दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये म्हणून आधी तिच्या घरी शब्द घेऊन ठेवायला हवा होता. सर रविवारी आर्वीला गेले.

ज्योत्स्ना तालुक्याच्या कृषी कार्यालयात लिपिक होती. नवरा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात होता. तिने सरांना पोहे दिले आणि अठ्ठावन्नचा आकडा कळला तेव्हा नुसती मान हलवली. यंत्र म्हणतं तर असेल, म्हणाली. पोरीनेही मनाला लावून घेतलं नाही, उलट शहाण्यासारखी वागते आहे. पोलीस भरतीचा फॉर्म भरला तिने. सरांनी मग संघ, करार, घरच्या घरी, सगळं सांगितलं. ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. सर कधी आपल्या पोरींना सोडत नाहीत, असं ती म्हणाली. सरांना पोहे जरा कोरडे लागले.

ओवी मागच्या शाळेच्या मैदानावर होती. सर तिला भेटायला गेले आणि कुंपणाशीच थांबले.

ती एकटीच उडीचा सराव करत होती. वर जाणं नेहमीसारखंच, पाहत राहावं असं. उतरताना मात्र ती डावा पाय जपत होती. दुखत असल्यासारखी नाही. पुढे कधीतरी दुखणार आहे हे माहीत असल्यासारखी. सरांनी वीस उड्या मोजल्या. विसांतल्या अठरांत ती त्या करड्या सावलीसारखी उतरली.

"पाय दुखते का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी."

"मग?"

ती बॉल हातात फिरवत राहिली. "अजून तर काही झालं नाही ना. पण त्या यंत्राने पाहिलं, सर. मी आत्तापासून सांभाळते."

सर बत्तीस वर्षं मुलींना सांगत आले होते की मैदानावर उद्याचा विचार करू नका. या पोरीला उद्या दाखवला होता, आणि तोही दुसऱ्या कोणाचा तरी. वीस वर्षांच्या, आधी थकणाऱ्या, अस्तित्वातच नसलेल्या एका मुलीचा. ओवी मन लावून तिची नक्कल करत होती. आणखी वर्षभर अशी उतरली तर उजवा गुडघा जाणार, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. आणि तो गेला की यंत्र बरोबर ठरणार होतं.

ते तिला घेऊन घरात आले. ज्योत्स्नाला म्हणाले, बस. आणि त्यांनी सगळं सांगितलं. रजिस्टर, साल, एकतीस मुली, चाळीस हजार, एक जून. ज्योत्स्ना खाली मान घालून ऐकत होती; तिला त्यातलं अर्धं माहीत होतं. ओवीला काहीच माहीत नव्हतं.

"म्हणजे आईचा वाढदिवस एक जूनला नाही?" ओवीने विचारलं.

"नऊ मार्च," ज्योत्स्ना म्हणाली.

"अन् आपण दरवर्षी दोघींचा एक केक कापतो."

"बापा, मंग काय करू? आधार कार्डावर तेच, नोकरीत तेच. तू त्याच दिवशी झाली. मला वाटलं, देवाने खरं करून दिलं माझं."

"अठरा वर्षं," ओवी म्हणाली, "तू माझ्या वाढदिवसात येऊन बसली." आणि बास्केटबॉल काखेत धरून ती मागच्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर ज्योत्स्नाला बरं वाटलं असतं.

ज्योत्स्ना म्हणाली, "काय करता येते, सर?"

निनादला सरांनी आडून आडून विचारलं होतं. शिखरला खोटा एक जून आणि खरा एक जून यांतला फरक शिकवता येईल का? येईल, तो म्हणाला होता. पण त्यासाठी जुन्या दहाबारा खेळाडूंची खरी वयं लागतील, शपथेवर. आणि ती कोणाकडे असणार? निनाद हसला होता.

ती सरांकडे होती. एकतीसच्या एकतीस. प्रत्येक संघाच्या फोटोमागे पेन्सिलीने प्रत्येक मुलीचं खरं वय लिहिलेलं होतं. सराव देताना ते लागे. कागदावर सगळ्या सारख्याच, पण खऱ्या सोळाच्या मुलीला अठराची मेहनत दिली तर गुडघा जातो. खोटं वय सरकारला, खरं वय मास्तरला, अशी ती विभागणी होती.

"मी लिहून देतो म्हटलं तर तुझं नाव येईल," सर म्हणाले. "नोकरीवर येऊ शकते."

ज्योत्स्नाने पोह्यांची ताटली उचलली. "लिहा," ती म्हणाली. "पण माझ्या हापिसात मी स्वतः सांगीन. तुम्ही नका सांगू. तुम्ही खूप सांगितलं माझ्या वतीने."

* * *

प्रणिताने शांतपणे ऐकून घेतलं, पोलीस ऐकतात तसं.

"हिशेब सांगते, सर," ती म्हणाली. "पत्रक आठही संघांना एकच जाते. तुम्ही खरं सांगितलं की ओवी दुसऱ्या नंबरवर जाणार. पहिला इंदूर, दुसरा कोची, आपला सातवा. म्हणजे ती आपल्याला मिळत नाही. माझं मेडल खोटं ठरते, मेडल गेलं की नोकरीचा पाया गेला. तुमची पेन्शन अडकते. अन् फायदा कोणाला? कोचीला. त्यांना तर हे माहीतही नाही राहणार."

"ओवीला."

"ओवी आपल्याकडे सुखात राहिली असती."

"ती डावा पाय जपून उतरते आता," सर म्हणाले.

प्रणिताने विचारलं, "कधीपासून?"

"सावली पाहिल्यापासून."

मैदानावर वाघिणींचा सराव चालला होता. प्रणिता तिकडे पाहत बसली. प्रशिक्षकाला काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

"मी दहा वर्षांची होते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही बाबांना म्हणाले, हिचं साल थोडं पुढे घेऊ, पोरीचं भलं होईल. झालं भलं. मी कधी नाही म्हणणार नाही. पण तेव्हा मला कोणी विचारलं नाही, सर. आज विचारता आहात का, की सांगता आहात?"

सरांनी विचार केला. "विचारतो," ते म्हणाले. त्यांना हा शब्द नवीन होता.

"मग एकतीसही जणींना विचारा. ज्या हो म्हणतील त्यांचीच नावं द्या." ती उठली, उठताना टेबलाला धरून उठली. "माझं लिहा. दोन वर्षं आधी घरी बसवतील, नाहीतर सगळंच काढून घेतील. माझे गुडघे तसेही खऱ्या वयाचेच आहेत."

पुढचे चार दिवस सर फोन करत होते. एक जण वारली होती, दोघी परदेशात होत्या. रेल्वेतल्या एकीने पाच मिनिटं ऐकून घेऊन 'राँग नंबर' म्हटलं. एकीने त्यांना पाया पडते म्हणून सांगितलं आणि पाया पडूनच नाही म्हणाली. साताऱ्याला पोलिसात असलेली मंदाकिनी म्हणाली, सर, सरकारला सांगा, मेडल परत द्या, काही हरकत नाही. पण मी नवऱ्यापेक्षा लहान आहे असं त्याला वाटतं, तेवढं राहू द्या. सरांनी तिचं नाव घेतलं नाही. एकीने विचारलं की ती मुलगी खरंच एवढी चांगली आहे का? सरांनी सांगितलं, आहे. मग ती म्हणाली, आपण बी होतो ना सर तशा? खऱ्या वयाच्या पोरींसंगं खेळलो असतो तरी जिंकलो असतो ना? सरांनी शपथपत्राचं पुन्हा सांगितलं. तिने तरीही हो म्हटलं.

बारा जणी हो म्हणाल्या.

शपथपत्र व्हायला तीन दिवस लागले. शिखरला ते शिकायला चार मिनिटं लागली. निनादने पडद्यावर पाहून पहिल्यांदाच एक वाक्य अर्धवट सोडलं. यंत्र फक्त एक जूनबद्दल शिकलं नव्हतं. दोन वर्षं लपवून खेळणारं शरीर कसं वळतं, किती लवकर स्थिरावतं, कुठे शिकायचं थांबतं, हे त्याला बारा खऱ्या उदाहरणांवरून कळलं होतं. आता त्याला तारखेची गरजच उरली नव्हती. सत्तर मुलींच्या यादीत त्याने एका झटक्यात नऊ जणींचं वय वाढवलं. सगळ्यांच्या जन्माच्या वेळा मिनिटापर्यंत नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या एकीला वाघिणी सातव्या क्रमांकावर घेणार होत्या.

ओवी डहाके, गणित वय अठरा वर्षं दोन महिने, दुसरी.

निनादने तिला नवी सावली पाहायला बोलावलं. ती आली नाही. तिने आईच्या हाती निरोप पाठवला की मला बघायची नाही. उमाठे सरांना वाटलं, या सगळ्या प्रकरणात एवढं एकच काम कोणीतरी बरोबर केलं. सरांनी मग आर्वीला मुक्काम ठोकून तिला रोज सकाळी मैदानावर उतरायला शिकवलं, दोन्ही पायांवर, दोनशे वेळा, न बोलता. तेरा दिवस लागले. त्या तेरा दिवसांत माय-लेकींचं बोलणं परत सुरू झालं की नाही हे त्यांनी विचारलं नाही. चौदाव्या दिवशी ज्योत्स्ना मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी होती आणि ओवीने जाता जाता ती घेतली.

ऑगस्टमध्ये वाटप झालं. मोठं सभागृह, दिवे, निवेदक. दुसऱ्या क्रमांकाला कोचीने ओवीचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली, टोपी घातली, आणि खाली उतरताना दोन्ही पायांवर नीट उतरली. मागच्या रांगेत बसलेल्या उमाठे सरांनी तेवढंच पाहिलं. वाघिणींनी सातव्या क्रमांकावर लुधियानाची एक मुलगी घेतली.

संघाच्या मालकांनी पुढच्या आठवड्यात सरांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं. प्रणिताची प्रतिनियुक्ती संपवून तिला मुख्यालयात फाइलींपाशी बसवलं. चौकशी चालू आहे. ज्योत्स्नाने साहेबांना स्वतः सांगितलं. साहेब म्हणाले, मॅडम, माझाही एक जूनच आहे, बसा खाली. सरांना शिक्षण खात्याचं पत्र आलं: शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असून त्यातील नोंदी आपण खोट्या केल्याबद्दलचा पुरावा आपण पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा त्या खऱ्या धरण्यात येतील. सरांनी फोटो पाठवले. पेन्सिलीची अक्षरं झेरॉक्समध्ये उठली नाहीत, असं उलट उत्तर आलं.

कोचीकडे ओवीच्या जागेवर आधीच दोन चांगल्या मुली होत्या. पहिल्या हंगामात ती एकूण एकोणतीस मिनिटं खेळली.